गट दोन, पिंजरा सात

जांभळाचे दिवस आले की
कपिलतीर्थ मंडईत मी एकटाच गिऱ्हाईक
जो गोडी विचारत नाही.
विचारतो, "बी केवढी हाय?"
बायका हसतात. एक तर म्हणाली,
"गर आमी खातो मामा, बिया तुमी न्या,
फुकट."

प्रयोगशाळेत खायला बंदी.
म्हणून पाट्या मुलींच्या वसतिगृहात जातात,
वर रेश्मा मुल्लाणीची चिठ्ठी :
पोटभर खा. बिया परत द्या. मोजल्या जातील.
मग दोन दिवस अख्खं खातं जांभळ्या जिभेचं,
उपाध्ये बाईसुद्धा
तोंड जरा मिटूनच शिकवतात.

पुढचं माझं.
धुवायचं, सावलीत वाळवायचं, टरफल काढायचं, कुटायचं.
सॉक्सलेटच्या काचेत मिथेनॉल
वर चढतं, खाली उतरतं,
गगनबावड्याच्या एस्टीसारखं, दमत दमत, रात्रभर.
तळाला उरतो डिंकासारखा काळा चिकटा.
चमचाभर.

उंदीर चोवीस, गट चार.
पहिला धडधाकट.
तिसऱ्याला दवाखान्यातली गोळी,
चौथ्याला आमचा काळा चिकटा, पाण्यात कालवून.
दुसऱ्याला साखर चढवली
आणि दिलं नुसतं पाणी.
"ह्यांनी काय घोडं मारलंय?" मी विचारलं.
"ह्यांच्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही, मामा,"
रेश्मा म्हणाली,
वहीत बघत.

थोरला बाळकू दाजीपूरला असतो.
पहिली पाटी त्याच्याच बांधावरची.
त्याला कुणीतरी सांगितलं (सांगणारे कुठंही भेटतात)
पूड घे अनशापोटी, गोळ्या टाक ओढ्यात.
त्यानं खरंच टाकल्या.
चार महिन्यांनी सीपीआरमध्ये
डाव्या पायाची दोन बोटं ठेवून घरी आला.
अजून म्हणतो,
"पूड बरोबर व्हती रं. माप चुकलं."

माझीही दोनशेच्या वर असते.
बिया कुटताना मिशीवर बसतं ते पीठ
जिभेला लागतं, तुरट.
एकदा बाईंना विचारलं, घेऊ का चिमूटभर?
त्यांनी चष्मा काढला.
"पिराजी, अजून आपण उंदरापाशी आहोत.
माणसापर्यंत रस्ता झालेला नाही.
तुमची गोळी चुकवू नका."
एवढं सरळ मला कुठल्या डॉक्टरनंही सांगितलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी चौथ्या गटाची साखर उतरली.
कागदावर रेघ खाली खाली आली
आणि रेश्मा रडली, मग पेढे आणले.
मी अर्धा घेतला.
तिच्या प्रबंधाचं शेवटचं वाक्य मी वाचलंय :
अधिक संशोधनाची गरज आहे.
असल्या पाच प्रबंधांच्या काचा मी धुतल्या,
पाचांचं शेवटचं वाक्य हेच.
आभारात माझं नाव एकदा आलं,
तेही पिराजीचं शिवाजी होऊन.

हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही.
विसाव्या रात्री मी एकटाच होतो.
पिंजरा सात, गट दोन,
बाटलीच्या नळीला तोंड लावून
पीत होता, पीत होता,
थांबत नव्हता.
ती तहान मला ठाऊक आहे.
रात्री तीनदा उठतो मी तिच्यासाठी.

चौथ्या गटाची बाटली हाताशी होती.
झाकण उघडलं.
काडीवर थेंब धरला.
काळा, जड, पडेना लवकर.
कोण बघणार होतं?

मग बाळकूचा पाय आठवला.
आणि रेश्माची वही,
जिच्यात सातव्या रकान्यात
मी खोटा झालो असतो.

थेंब पुसला. झाकण लावलं.
त्याची बाटली खळखळून धुतली,
ताजं पाणी भरलं,
काठोकाठ.
मग तिथंच, स्टुलावर बसून,
माझीही उघडली.